गुरुवारच्या चिठ्ठ्या

६ जुलै २०१७, गुरुवार

व्यापारी मंडळाची बैठक सकाळी साडेसातची होती. मी सव्वासातलाच पोचले, तरी सगळ्यांत शेवटची ठरले. लॉजच्या वरच्या हॉलमध्ये वीस-बावीस माणसं, हातात पोह्यांच्या प्लेटी, आणि सगळे एकमेकांना नावानं हाक मारणारे. पुसदला नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या स्टुडिओत बसून कॉम्प्युटरवर लोकांचे चेहरे साफ केले. तिथं मालकाशिवाय माझं नाव कोणाला माहीत नव्हतं. आज दारव्ह्यात, मंडळाचे अध्यक्ष अमरसिंगभाऊ राठोड यांनी मला सगळ्यांपुढं उभं केलं.

"ह्या शीलाताई भगत. बसस्टँडमागं नवा फोटो स्टुडिओ यांचाच हाय. आपल्यात फोटोवाल्याची खुर्ची रिकामी होती. आज भरली."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. घरी येऊन बाबांना सांगितलं तर म्हणाले, "टाळ्या कायच्या? तू काय करून आली?" तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यांना कशाचंच कौतुक नाही.

नियम सोपे आहेत. एका धंद्याचा एकच सभासद. दर गुरुवारी प्रत्येकानं दुसऱ्या कोणासाठी तरी निदान एक चिठ्ठी आणायची. त्यावर कोणाकडून, कोणाकडे, आणि गिऱ्हाइकाचं नाव-गाव. अमरसिंगभाऊंचं कृषी केंद्र आहे: बियाणं, खत, फवारणीची औषधं, पंप. ते म्हणाले, "धंदा मागू नका. पह्यले द्या. ज्याले आपण दिलं तो आपल्याले इसरत नाही." ही डायरीही त्यांनीच दिली. रोज दोन ओळी लिहायच्या म्हणे, कोणाला भेटलो आणि कोणाच्या उपयोगी पडलो.

१३ जुलै

बोलायला प्रत्येकाला एक मिनिट मिळतं. मी अर्ध्यातच अडखळले. शेजारी हंसाबाई बसतात, त्यांचा मांडव, खुर्च्या, भांडी आणि स्वैपाकाचा धंदा. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं. त्या हळूच म्हणाल्या, "भिऊ नको पोरी. मी पह्यल्या दिवशी माह्यं नावच इसरली होती."

खेमसिंगभाऊंची रुग्णवाहिका आहे, म्हणजे एक जुनी व्हॅन, पण स्वच्छ. डॉक्टरसाहेबांचा बारा खाटांचा दवाखाना आहे. सगळे आपापल्या चिठ्ठ्या वाचून पुढच्याच्या हातात देत होते. माझ्याजवळ द्यायला एकही नव्हती. फुकटचे पोहे खाल्ल्यासारखं वाटलं.

२७ जुलै

आज मी पहिली चिठ्ठी दिली. अमरसिंगभाऊंसाठी. नाव: रोशन भगत, राहणार दारव्हा.

माझाच धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा झाला, पण कुठल्या कामात टिकत नाही. अमरसिंगभाऊंनी त्याला दुपारीच बोलावून बॅटरीचा पंप दिला, बोरी अरबकडच्या पाच-सहा कास्तकारांची नावं दिली आणि फवारणीचं कंत्राट लावून दिलं. दोन औषधं कशी मिसळायची तेही दाखवलं. रोशन मोठ्या खुशीत घरी आला.

"ताई, दोन मिळवले का अळी जागच्या जागी मरते म्हणे."

"तोंडाला बांधत जा."

"दुपट्टा हाय ना."

जेवताना बाबा एकदाच म्हणाले, "काम लावून देणं सोपं नसते शीला. मंग ते आपलंबी होऊन जाते."

१ ऑगस्ट

अमरसिंगभाऊंकडून मला पहिली चिठ्ठी! बोरी अरबचे नानाजी. पन्नाशीचे, काळेसावळे, सारखे हसणारे. दिवसाच्या मजुरीनं फवारणी करतात.

"बाई, घरात माह्या एकट्याचा फोटोच नाही. आधारावरचा पाह्यला तं माह्यीच बायको भेली. एक चांगला काढून द्या. असू द्यावा घरात."

निळ्या पडद्यासमोर बसवलं. हसू नका म्हटलं तर जास्तच हसायला लागले. शेवटी एक फोटो असा आला की मीच पाहत राहिले. डोळे पाणीदार, सरळ कॅमेऱ्यात पाहणारे. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग म्हणाले, "यंदा कपाशीची पऱ्हाटी आतापासूनच छातीले लागली. फवारा मारला का आपल्याच तोंडावर येते. डोळ्यातून लय पाणी जाते बाई. फोटोत दिसत नाही, बरं हाय."

१७ ऑगस्ट

खेमसिंगभाऊंनी चिठ्ठी दिली. लाडखेडकडचा एक गडी वारला. बारा बाय अठराचा फोटो, काळी फ्रेम. घरच्यांनी लग्नातल्या घोळक्याचा फोटो दिला होता. त्यातून चेहरा कापला, मागं निळा रंग दिला, पुसदहून आणलेल्या फाईलमधला पांढरा शर्ट आणि काळा कोट चढवला. माणूस एकदम साहेब दिसायला लागला. त्याच्या बायकोनं फोटो छातीशी धरून नेला.

हे काम दुःखाचं आहे, पण कोणीतरी नीट करायला हवं. खेमसिंगभाऊंना तसं म्हटलं, तर ते खाली पाहत म्हणाले, "तुम्ही आल्या म्हणून बरं झालं ताई. पह्यले यवतमाळले जा लागे."

२२ ऑगस्ट

काल पोळा होता. आज नानाजींची चिठ्ठी आली, खेमसिंगभाऊंकडून.

फाईल तयारच होती. कोट चढवायचीही गरज नव्हती. अर्ध्या तासात फ्रेम देऊन टाकली. न्यायला त्यांचा जावई आला होता. म्हणाला, "शेतातून आले तं म्हणे दिसत नाही. तोंडातून फेस. डॉक्टरकडं नेलं, मंग यवतमाळले नेता नेता..."

त्यानंतर दुकानात मला कामच सुचलं नाही. निळ्या पडद्यासमोरचं स्टूल मी उचलून बाजूला ठेवलं. पुन्हा जागेवर ठेवलं. गिऱ्हाईक आलं तर बसवणार कुठं?

२९ ऑगस्ट

आठ दिवसांत तीन चिठ्ठ्या. सगळे फवारणीचे मजूर. या खेपेला घरच्यांजवळ फोटोच नव्हते. खेमसिंगभाऊंनी स्वतःच्या मोबाईलवर काढलेले पाठवले, तिघांचेही डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, "डोळे उघडे करून द्या."

पुसदला मी हे शिकले आहे. दुसऱ्या फोटोतले डोळे घेऊन बसवायचे, रंग जुळवायचा, पापणीची कड हलकी करायची. माझ्याजवळ चांगले, स्वच्छ आलेले डोळे एकच होते. नानाजींचे. तेच तिघांना बसवले. नीट बसले. घरच्यांपैकी कोणी काही म्हटलं नाही.

एका फोटोत नाकाखाली नळी होती आणि खांद्यावरून सलाईनची दुसरी. ती खोडायला फार वेळ लागला.

७ सप्टेंबर

आज मला "महिन्याचा सभासद" म्हणून श्रीफळ दिलं. सगळ्यांत कमी वेळात काम करून देणारी म्हणून. अमरसिंगभाऊ बोलले, "पाहा, हे मंडळ कायले उभं केलं? माणसाले एका दारातून दुसऱ्या दारात जायले त्रास नाही झाला पाह्यजे. माह्या दुकानातला माणूस बिमार पडला, तं खेमसिंगची गाडी उभी. खेमसिंगजवळ आपले डॉक्टर. अन नशीबच खोटं निघालं, तं हंसाबाई, शीलाताई. त्याच्या घरच्यानं कोणाचा पत्ता शोधत फिरायचं काम नाही."

खरंच आहे. सुट्या सुट्या माणसांतून असं काही उभं राहू शकतं, हे मी पुसदच्या नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

हंसाबाईंनी आज पोहे घेतले नाहीत. बैठक संपल्यावर जिन्यात मला थांबवून विचारलं, "तुह्याकडं आजवर किती फोटो झाले गं? फवारणीवाले?"

मी मोजले. "नऊ."

"माह्याकडं तेराव्याची कामं सहाच आली."

"बाकीच्यांनी दुसरा मांडववाला पाहिला असेल."

"या भागात दुसरा हाय कोण?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे. असन कोणी."

११ सप्टेंबर

हंसाबाईंचा फोन आला. फक्त एवढंच म्हणाल्या, "शीला, माह्याकडंबी नऊ झाले." आणि फोन ठेवला.

मला कळलं नाही त्यात सांगण्यासारखं काय होतं.

१२ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहू की नको असं झालं आहे.

बोरीजवळच्या तांड्यावरून धुरपताबाई आल्या. अमरसिंगभाऊंच्याच तांड्यातल्या, भाऊ त्यांना याडी म्हणतात, म्हणजे आई. त्यांचा मुलगा बादल गेल्या शुक्रवारी गेला. बावीस वर्षांचा. फोटो न्यायला त्या एकट्याच आल्या, चालत, डोक्यावर पदर.

मी फ्रेम त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदरानं काच पुसली. मग हात लांब करून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं.

"हा कोट माह्या पोराचा नोहे."

"तो आम्ही लावतो आजी. चांगलं दिसावं म्हणून."

"राहू दे कोट." त्यांनी बोट काचेवर ठेवलं. "डोळेबी बादलचे नोहे. हे मले ओळखू येतात. आम्ही संगंसंगं निंदाले जाऊ, वीस साल. हे नानाजीचे डोळे होत."

मीही वाकून पाहिलं.

"नानाजी माह्या पोराच्या तोंडातून काहून पाहून राह्यला?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होत्या, मला माहीत असेल म्हणून.

मी म्हटलं, दुसरा करून देते. त्या म्हणाल्या, "नको. उघडे नको करू. माह्या पोराचे डोळे मिटलेले होते, तं मिटलेलेच दे."

त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि सगळ्या फाईली एकदम उघडल्या. स्क्रीनवर ओळीनं लावल्या. अकरा. नानाजी सोडले तर सगळ्यांच्या अंगात एकच कोट, एकच पांढरी कॉलर, डाव्या खांद्याला एकच चुणी. त्यातले सात जण एकाच नजरेनं माझ्याकडं पाहत होते. मी खुर्ची सरकवून डावीकडं गेले. मग उजवीकडं. नजर सरळ असली की ती सगळीकडून आपल्यावरच असते, हे मी शिकलेली बाई आहे, मला माहीत आहे. तरी मी उठून कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं.

१४ सप्टेंबर

बैठकीला गेले नाही. पोट दुखतं असं कळवलं. अमरसिंगभाऊंनी घरी मोसंबी पाठवली.

१८ सप्टेंबर

रोशनचे डोळे लाल. म्हणतो झोप कमी झाली. पऱ्हाटी आता डोक्याच्या वर गेली आहे, पंप उंच धरावा लागतो. मी म्हटलं, काम सोड. तो हसला. "तूच लावून दिलं ना ताई. भाऊचं नाव खराब होईन. चार दिवसाचं राह्यलं."

मी जास्त आग्रह धरायला हवा होता.

२३ सप्टेंबर, यवतमाळ

चार दिवसांनी डायरी उघडते आहे. बाबा रोशनजवळ बसले आहेत. जसं झालं तसं लिहून ठेवते.

मंगळवारी दुपारी बारा-साडेबाराला खेमसिंगभाऊंचा मेसेज आला. "१२x१८, काळी फ्रेम, अर्जंट. डोळे उघडे करून द्या." फोटो धूसर दिसत होता, नेट हळू होतं. मी तोवर कोटाची फाईल उघडून ठेवली. आठवड्याभरात मनाला कितीही वाटलं असलं तरी हात आपलं काम करतच होता. मग फोटो वरून खाली उघडत आला. केस. कपाळ. डाव्या भुवईवरची खूण, सायकलवरून पडला होता तेव्हाची.

मी खेमसिंगभाऊंना फोन केला.

"हा फोटो कोणाचा आहे?"

"कोण्या कास्तकारानं बोरीहून गाडीत टाकून देला, ताई. पोट्टा होय एक. नाव रोशन का काय सांगते."

"गेला?"

"नाही. अजून नाही."

"गाडी कुठं आहे?"

"डॉक्टरसाहेबाच्या दवाखान्यासमोर. आत खाट रिकामी व्हायची हाय. अर्धा तास झाला."

मी अनवाणीच धावले. बसस्टँड ओलांडून, बाजारातून. व्हॅनचं मागचं दार उघडं होतं. रोशनच्या तोंडातून लाळ वाहत होती, घामानं शर्ट चिंब, सगळ्या अंगाला तो वास. मी हाक मारली तर त्याची बोटं हलली. पुढच्या सीटवर बसले आणि म्हटलं, "यवतमाळ. आत्ता."

खेमसिंगभाऊ म्हणाले, "पह्यले इथं दाखवा लागते ताई, आपलं तसं ठरलं..."

"तो माझा भाऊ आहे."

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी गाडी काढली. हॉर्नवरचा हात यवतमाळपर्यंत काढला नाही. बोरीचा पूल लागला तेव्हा ते एकदम रडायला लागले. म्हणजे जिथून त्याला उचललं, तिथूनच आम्ही पुन्हा पुढं जात होतो.

इथल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं.

बाबा संध्याकाळच्या एसटीनं आले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोरीहून यवतमाळ इकडं, अन दारव्हा तिकडं. तीस वर्षं गेलो मी त्या रस्त्यानं. मरणाऱ्या माणसाले उलट्या दिशेनं कायले नेलं?"

मी म्हटलं, "चिठ्ठी तशी होती बाबा."

आणि मग ते न विचारताच मी सांगितलं की रोशनची पहिली चिठ्ठी माझी होती. त्यांना माहीतच होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला वाटलं त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

२५ सप्टेंबर, यवतमाळ

मंडळातले आठ जण भेटायला आले. हंसाबाईंनी डबा आणला, तीन माणसांचा, भाकरी अजून गरम. एकानं रक्त दिलं. अमरसिंगभाऊ दोन तास बाकड्यावर बसून होते, नर्सबाईंना ताई-बाई करून औषधं आणून देत होते. एवढी माणसं आमच्यासाठी कधी जमली नव्हती. मला त्यांचा राग यावा म्हणून मी वाट पाहत होते आणि तो येत नव्हता. याचीच भीती वाटली.

खेमसिंगभाऊ मागं थांबले. मी विचारलं, "जिवंत माणसाचा फोटो काहून काढता?"

"सवय झाली ताई. नंतर घरचे रडत असतात, फोटो मागता येत नाही. लेकरं पायापाशी पडलेली असतात. म्हणून गाडीतच काढून ठेवतो. वाचला तं मी पुसून टाकतो."

"किती पुसले?"

त्यांनी मोबाईल हातात घेतला, त्याच्याकडं पाहिलं, परत खिशात ठेवला.

"रोशनचा पुसन मी," ते म्हणाले. "हा पह्यला."

३० सप्टेंबर

रोशनला घरी आणलं. आज दसरा, आम्हा बौद्ध लोकांचा मोठा दिवस, गल्लीत सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, त्याला घरात घेताना बायकांनी वाट करून दिली. त्याला उजेड सहन होत नाही. डोळ्यांत टाचण्या टोचल्यासारखं होतं म्हणतो. माणसं धूसर दिसतात. डॉक्टर म्हणतात हळूहळू येईल. घरात पत्र्याच्या फटींतून फार उजेड येतो, म्हणून दिवसा त्याला दुकानात आणते. निळ्या पडद्यामागं खाट टाकली आहे. तिथं तो अंधारात पडून असतो.

५ ऑक्टोबर, गुरुवार

बैठकीला गेले नाही. काही कळवलंही नाही.

पाहणीला आलेली सरकारी माणसं गावोगाव फिरत आहेत. धुरपताबाईंच्या घरीही गेली होती. कोणतं औषध मारत होता, कुठून घेतलं, पावती दाखवा. पावती कोणाजवळ आहे? मजुराला कोण पावती देतं? धुरपताबाईंनी त्यांना फोटोच दाखवला म्हणे. त्यांनी तो परत केला.

माझ्या दुकानात तारेला ओवलेल्या सगळ्या चिठ्ठ्या आहेत. कोणाकडून, कोणाकडे, नाव, गाव, तारीख. कॉम्प्युटरवर चौदा फाईली आहेत, कुठला फोटो किती वाजता आला तेही त्यात आहे. त्यांतले पाच जण फोटो आला तेव्हा जिवंत होते. हे मला आता कळतं. नळी खोडताना कळायला हवं होतं. हंसाबाईंच्या फोनवर कळायला हवं होतं: फोटो आधी येत होते, मरण मागून.

दुपारी हंसाबाई आल्या. एक वही टेबलावर ठेवली. कोणाचं तेरावं कोणत्या तारखेला, सगळं लिहिलेलं. "मी लिहून ठेवत गेली," त्या म्हणाल्या, "पण कोणाले दाखवाची हिंमत झाली नाही. माह्या चार बाया या मंडळाच्या कामावर जगतात, शीला."

"माझंही दुकान जगतं."

"मंग?"

मी म्हटलं, "उद्या जाते." त्या जायला उठल्या आणि म्हणाल्या, "मले घेऊन जाजो."

६ ऑक्टोबर

यवतमाळला, पाहणीवाल्यांच्या ऑफिसात गेलो. दोघीही. चिठ्ठ्यांच्या नकला दिल्या. साहेब तरुण होता, त्यानं नीट ऐकून घेतलं. पण म्हणाला, यावरून माणूस आजारी पडून गाडीत बसला हे दिसतं. दुकानातून त्यानं काय नेलं ते दिसत नाही. ते सांगणारा कोणी हवा.

९ ऑक्टोबर

अमरसिंगभाऊंच्या दुकानाला सील लागलं. बाजारात माझ्याशी कोणी बोललं नाही. फोटोला एकही गिऱ्हाईक नाही. झेरॉक्ससुद्धा नाही.

१० ऑक्टोबर

सकाळी अकराला अमरसिंगभाऊ आले. एकटेच. पांढरा शर्ट तोच, पण दाढी वाढलेली. निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसले, जिथं गिऱ्हाईक बसतं. मी टेबलामागून उठले नाही.

"ताई, मले पह्यले सांगतलं असतं."

"काय केलं असतं तुम्ही?"

त्यांनी स्टुलाची कड धरली.

"कंपनीचा माणूस म्हणे, दोन मिळवून द्या, गिऱ्हाईक दुसरीकडं जाणार नाही. मी दिलं. गिऱ्हाईक गेलं नाही." ते स्वतःशीच बोलत होते. "बादल माह्याच तांड्याचा. त्याच्या बारशाले मी नाचलो होतो. मी कोणाचं वाईट कराले बसलो होतो काय ताई? मी तं माणसं जोडत होतो."

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. चौदा चेहरे, ओळीनं. ते पाहिल्याबरोबर त्यांनी मान फिरवली. मग परत पाहिलं.

"सगळ्याइले सारखाच कोट?"

"नानाजी सोडून."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, कंडक्टर नेर, नेर ओरडत होता. मग त्यांनी पहिल्या चेहऱ्याकडं बोट केलं आणि बोलायला सुरुवात केली. मला आधी कळलंच नाही ते काय करत आहेत. कळलं तेव्हा मी कोरा कागद ओढला.

नाव. गाव. बापाचं नाव. कोणाच्या शेतात होता. किती तारखेला दुकानात आला, कोणत्या दोन बाटल्या नेल्या, पंप कोणता. हातमोजे मागितले होते की नाही. त्या माणसाला एक गिऱ्हाईक परत ओळखायला वही लागत नाही. बायकोला दमा आहे, मुलगी यवतमाळला शिकते, बैल विकला, सगळं त्यांच्या तोंडी होतं. नानाजींपाशी ते म्हणाले, "यानं मले सांगतलं होतं, भाऊ, डोळ्यातून पाणी जाते. मी म्हटलं, पाणी मारून घे." ते मी तसंच लिहिलं.

चौदा संपले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"झाले," ते म्हणाले.

तेव्हा त्यांच्या पाठीमागून, पडद्याच्या आतून आवाज आला.

"भाऊ, माह्यं राह्यलं."

अमरसिंगभाऊ ताडकन उठले. स्टूल पडलं. त्यांना तिथं कोणी आहे हे माहीतच नव्हतं. निळा पडदा हलला, पण रोशन बाहेर आला नाही, उजेड होता ना.

"कोण हाय तठी?"

"मी रोशन. मले बी लिवा ना भाऊ. मी जित्ता हाय म्हणून काय झालं?"

अमरसिंगभाऊंनी पडद्याला हात लावला, पण बाजूला सारला नाही. पडद्याला तोंड करून, हळू आवाजात, त्यांनी सांगितलं. रोशन बाबाराव भगत, राहणार दारव्हा. दोन औषधं. बॅटरीचा पंप. हातमोजे दिले नाही. चष्मा दिला नाही. कोणी पाठवला होता, तेही सांगितलं. मी माझं नाव माझ्या हातानं लिहिलं.

मग मी म्हटलं, "सही करा." त्यांनी प्रत्येक पानावर केली. कागद मी त्यांच्या हातात दिला नाही, त्यांनीही मागितला नाही.

दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं यवतमाळला गेलो. एकाच बाकावर, मध्ये माझी पिशवी. गाडीतल्या चार-पाच जणांनी त्यांना राम राम घातला, त्यांनी प्रत्येकाला नावानं उत्तर दिलं. बोरीच्या पुलावर त्यांनी डोळे मिटून घेतले. खाली तांड्याकडं जाणारी वाट दिसत होती.

ऑफिसात तोच तरुण साहेब होता. त्यानं माझ्याकडं पाहून मान हलवली, मग त्यांच्याकडं पाहून विचारलं, "आपण?"

दर गुरुवारी एक मिनिट सगळ्यांत सुंदर बोलणारा हा माणूस. मी वाट पाहत होते.

"दुकानदार," ते म्हणाले.

साहेबानं खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत. उभ्यानंच, कागदाकडं न पाहता, त्यांनी पहिलं नाव घेतलं.